तिरक्या कक्षांच्या ग्रहमाला : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘काही ग्रहमालांमध्ये ग्रहांच्या कक्षा तिरक्या आढळल्या आहेत’ असे एक वाक्य होते. त्या वाक्याचा खुलासा मागणारी बरीच पत्रे नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सूर्यमालेतील सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, असे आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. मग इतरत्र कक्षा तिरक्या असतात म्हणजे नेमक्या कशाच्या तुलनेत तिरक्या? (एक सेवानिवृत्त शिक्षक, पंचवटी)

सर, आपण शिकवलेले पूर्णपणे बरोबर आहे. पृथ्वीच्या कक्षेची पातळी आधार धरली, तर बुधाची कक्षा ७ अंशांनी, शुक्राची ३.४ अंशांनी आणि उरलेल्या सर्व ग्रहांच्या कक्षा अडीच अंशांहून कमी कोनाने कललेल्या आहेत. सूर्य आणि ग्रह वायू व धुळीच्या एकाच फिरत्या तबकडीतून निर्माण झाले असावेत, हा विचार इमॅन्युएल कांट यांनी १७५५ मध्ये आणि लाप्लास यांनी १७९६ मध्ये मांडला, तो मुख्यतः या सपाटपणाकडे पाहूनच. तबकडीतून जन्मलेले ग्रह तबकडीच्याच पातळीत फिरणार आणि मधला ताराही स्वतःभोवती त्याच दिशेने फिरणार, अशी अपेक्षा त्यातून सहजच निर्माण होते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण ‘कल’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कोनांसाठी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिला कोन ग्रहाची कक्षा आणि ताऱ्याचे विषुववृत्त यांमधला. आपल्या सूर्याचे विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेशी ७.२५ अंशांचा, तर सर्व ग्रहांच्या सरासरी पातळीशी सुमारे ६ अंशांचा कोन करते. दुसरा कोन एकाच ताऱ्याच्या दोन ग्रहांच्या कक्षांमधला. उघड्या पुस्तकाच्या दोन पानांमध्ये असतो तसा. तिसरा कोन कक्षा आणि आपली दृष्टिरेषा यांच्याशी संबंधित असून त्या ग्रहमालेच्या स्वभावाशी त्याचा काहीही संबंध नसतो. ती माला योगायोगाने आपल्याला कोणत्या बाजूने दिसते, एवढेच तो सांगतो. ग्रहांच्या सूचीत एखाद्या ग्रहापुढे ‘कल ८७ अंश’ असे छापलेले असते, तो हा तिसरा कोन होय. तो पाहून ‘हा ग्रह जवळजवळ उभ्या कक्षेत फिरतो’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी अनेकदा वाचले आहेत. प्रत्यक्षात त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की ती कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते आणि त्यामुळे ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकताना पकडता येतो. पुढील उत्तरांत ‘तिरकी कक्षा’ हा शब्दप्रयोग फक्त पहिल्या आणि दुसऱ्या कोनासाठी वापरला आहे.

प्रश्न : सर्वांत मोठ्या दुर्बिणीतूनही तारा ठिपक्यासारखाच दिसतो, असे आमच्या पुस्तकात आहे. मग त्या ठिपक्यावर विषुववृत्त कुठे आहे आणि ग्रह त्याच्याशी किती अंशांचा कोन करून जातो, हे कसे समजते? (अकरावीतील विद्यार्थिनी, नाशिकरोड)

तुझ्या प्रश्नात या संपूर्ण विषयाचे मर्म आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

तारा ठिपक्यासारखा दिसत असला, तरी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरवला की त्यात अनेक काळ्या रेषा दिसतात. तारा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्याच्या बिंबाचा एक अर्धा भाग आपल्याकडे येत असतो आणि दुसरा अर्धा भाग आपल्यापासून दूर जात असतो. येणाऱ्या भागाच्या प्रकाशातील रेषा किंचित निळ्या बाजूला आणि जाणाऱ्या भागाच्या रेषा किंचित तांबड्या बाजूला सरकलेल्या असतात. दोन्ही भागांचा प्रकाश एकत्रच आपल्यापर्यंत येत असल्याने या रेषा केवळ रुंद झालेल्या दिसतात, आणि त्यांचा मध्य जागच्या जागी राहतो.

आता समज, एखादा ग्रह या बिंबावरून सरकू लागला. यालाच अधिक्रमण म्हणतात. ग्रह ज्या वेळी आपल्याकडे येणारा भाग झाकतो, त्या वेळी निळ्या बाजूचा प्रकाश थोडा कमी पडतो, रेषांचा मध्य तांबड्या बाजूला झुकतो आणि जणू संपूर्ण तारा आपल्यापासून दूर चालला आहे असे मापन मिळते. थोड्या वेळाने ग्रह दुसऱ्या अर्ध्या भागावर गेला की नेमके उलट घडते. तारा ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेने ग्रह परिभ्रमण करत असेल, तर आधी दूर जाण्याचा आणि मग जवळ येण्याचा भास होतो, आणि या दोन्ही लहरी सारख्या आकाराच्या असतात. ग्रह उलट दिशेने फिरत असेल, तर लहरींचा क्रमही उलटा होतो. ग्रह ताऱ्याच्या ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत असेल, तर त्याचा संपूर्ण मार्ग बिंबाच्या एकाच अर्ध्या भागात पडू शकतो, आणि मग दोनऐवजी एकच लहर मिळते. म्हणजे बिंबाचे चित्र न दिसताही, ग्रहाची सावली बिंबावरून कोणत्या वाटेने गेली हे कळते. हा परिणाम १९२४ मध्ये रिचर्ड रॉसिटर आणि डीन मॅकलॉफ्लिन यांनी एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांवर दाखवून दिला, आणि आजही तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

ग्रहाच्या बाबतीत हे मापन पहिल्यांदा २००० साली झाले. महाश्व तारकासमूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्याचा ग्रह साडेतीन दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत सुमारे तीन तास बिंबावरून सरकतो. पुढे २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले दिदिए केलोझ आणि त्यांचे सहकारी यांनी त्या तीन तासांत ताऱ्याच्या वेगात सेकंदाला सुमारे ४० मीटर इतकी लहर नोंदवली. सायकल जोरात चालवणाऱ्या माणसाच्या वेगाच्या काही पटींएवढाच हा वेग, आणि तोही सुमारे १६० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याचा. त्या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जवळजवळ जुळलेली निघाली आणि जुन्या कल्पनेला धक्का बसला नाही.

धक्का बसला तो २००८ पासून. एक्सओ-३ या ताऱ्याच्या ग्रहाचा कोन फ्रान्समधील निरीक्षकांना सुमारे ७० अंश मिळाला. पुढच्याच वर्षी हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने घेतलेल्या अधिक चांगल्या मापनात तो ३७ अंशांवर आला, पण कक्षा तिरकी आहे हे कायम राहिले. २००९ मध्ये हॅट-पी-७ आणि वास्प-१७ या ताऱ्यांचे ग्रह उलट्या दिशेने फिरत असल्याचे पुरावे पुढे आले. एप्रिल २०१० मध्ये युरोपीय खगोलशास्त्रज्ञांनी अशा २७ ग्रहांचा एकत्र आढावा मांडला, तेव्हा त्यांतील ६ ग्रह उलटे फिरणारे निघाले. हे सगळे ताऱ्याच्या अगदी निकट फिरणारे, गुरूसारखे महाकाय आणि तप्त ग्रह होते, हे मात्र लक्षात ठेव. पृथ्वीसारख्या ग्रहांची स्थिती यावरून ठरत नाही.

या पद्धतीची एक मर्यादाही आहे. मिळणारा कोन हा आकाशाच्या पडद्यावर पडलेल्या चित्रातला कोन असतो. ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे किती झुकला आहे हे त्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय खरा कोन निघत नाही. त्यासाठी ताऱ्यावरील डागांवरून त्याचा परिवलनकाल काढतात किंवा ताऱ्याच्या पृष्ठभागाची स्पंदने मोजतात. केप्लर-५६ या फुगलेल्या ताऱ्याचा अक्ष अशा स्पंदनांवरूनच २०१३ मध्ये ठरवण्यात आला. त्याचे दोन ग्रह परस्परांच्या पातळीत नीट फिरत असूनही तारा त्या पातळीशी ३७ अंशांहून अधिक तिरका असल्याचे आढळले.

प्रश्न : तारा तिरका असणे समजले. पण दोन ग्रहच एकमेकांशी तिरके फिरतात असे उदाहरण आहे का? असल्यास ते आकाशात कुठे पाहता येईल? (अभियंता, अंबड औद्योगिक वसाहत)

उदाहरण आहे, आणि तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आहे, ही माझ्या दृष्टीने मोठी आनंदाची गोष्ट आहे. देवयानी तारकासमूहातील अप्सिलॉन हा तारा सुमारे ४४ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा पहिला ग्रह १९९६ मध्ये आणि आणखी दोन १९९९ मध्ये सापडले; सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एकाहून अधिक ग्रह असल्याचे ते पहिलेच उदाहरण होते. हे ग्रह सापडले ते ताऱ्याच्या पुढे-मागे होणाऱ्या हालचालीवरून, आणि त्या पद्धतीत ग्रहाचे वस्तुमान ‘किमान इतके’ एवढेच सांगता येते. कक्षा आपल्याला कडेवरून दिसते की समोरून, हे माहीत नसल्यामुळे खरे वस्तुमान कितीतरी जास्त असू शकते.

टेक्सास विद्यापीठाच्या बार्बरा मॅकआर्थर आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीवरील मार्गदर्शक संवेदकांनी या ताऱ्याचे आकाशातील डावे-उजवे डोलणेही मोजले आणि त्याला जमिनीवरील वेगमापनाची जोड दिली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या या मापनानुसार २४१ दिवसांत फिरणारा मधला ग्रह आणि सुमारे साडेतीन वर्षांत फिरणारा बाहेरचा ग्रह यांच्या कक्षा परस्परांशी सुमारे ३० अंशांचा कोन करतात. त्याचबरोबर वस्तुमानांचा हिशेबही पालटला. पूर्वी बाहेरचा ग्रह अधिक जड मानला जात होता; आता मधला ग्रह गुरूच्या सुमारे १४ पट आणि बाहेरचा सुमारे १० पट निघाला. कोन कळला की संपूर्ण ग्रहमालेचे चित्र कसे बदलते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास नाशिकहून हा तारा उत्तरेकडे, क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश उंचीवर असतो. देवयानीतील मिराक आणि अल्माक हे दोन ठळक तारे ओळखले, तर अल्माकच्या पश्चिमेस सुमारे ५ अंशांवर तो सापडेल. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ४.१ असल्याने अंबड किंवा सातपूरच्या दिव्यांच्या उजेडात तो दिसणे कठीण आहे. अंजनेरीच्या पलीकडे किंवा हरसूलच्या बाजूला गेल्यास अडचण येऊ नये. ग्रह अर्थातच दिसणार नाहीत.

याहून टोकाचे उदाहरण एचडी ३१६७ या ताऱ्याचे आहे. त्याचा सर्वांत आतला ग्रह एका दिवसाहूनही कमी वेळात ताऱ्याच्या विषुववृत्तालगत फिरतो, तर ३० दिवसांत फिरणारा दुसरा ग्रह ध्रुवांवरून जातो. म्हणजे दोन्ही कक्षा परस्परांना जवळजवळ काटकोनात छेदतात. चिलीतील परानाल येथील महाकाय दुर्बिणीवरच्या एस्प्रेसो वर्णपटमापकाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केले. आतल्या ग्रहामुळे निर्माण होणारी लहर सेकंदाला एका मीटरहूनही कमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची नजाकत कळते.

अशी उदाहरणे मोजकीच आहेत आणि केप्लर दुर्बिणीने शोधलेल्या अनेक ग्रहांच्या मालांमध्ये परस्पर कोन एक-दोन अंशांचेच आढळतात, हे खरे आहे. तरीही ‘सपाट माला हाच नियम’ असे म्हणण्यास मी तयार नाही. अधिक्रमणाच्या पद्धतीने एकाच ताऱ्याचे अनेक ग्रह दिसायचे, तर ते सर्व आपल्या दृष्टिरेषेत आले पाहिजेत, म्हणजे मुळातच सपाट असले पाहिजेत. एक ग्रह बिंबावरून जातो आणि दुसरा ३० अंश तिरका असल्याने कधीच जात नाही, अशी माला आपल्या सूचीत ‘एकाच ग्रहाची’ म्हणून नोंदली जाते. गैया या युरोपीय यानाने ताऱ्यांच्या आकाशातील स्थानांच्या ज्या अत्यंत सूक्ष्म नोंदी घेतल्या आहेत, त्यांतून मोठ्या ग्रहांच्या कक्षांचे खरे कोन मोठ्या संख्येने मिळण्याची अपेक्षा आहे आणि त्यांचा पुढचा संच डिसेंबर २०२६ मध्ये यावयाचा आहे. सपाट आणि तिरक्या मालांचे प्रमाण ठरवण्याची घाई त्यापूर्वी करू नये.

प्रश्न : एकाच तबकडीतून जन्मलेले ग्रह तिरके होतात तरी कशामुळे? (वाचक, सिन्नर)

एकच कारण सर्वांना लागू पडत नाही. ताऱ्याला दूरवर एखादा जोडीदार तारा असेल आणि त्याची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी सुमारे ३९ अंशांहून अधिक तिरकी असेल, तर त्याच्या संथ ओढीने ग्रहाची कक्षा आलटून पालटून लांबुळकी आणि तिरकी होत राहते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल लिडोव्ह यांनी १९६१ मध्ये कृत्रिम उपग्रहांसाठी आणि योशिहिदे कोझाई यांनी १९६२ मध्ये लघुग्रहांसाठी हे गणित मांडले होते. त्या वेळी दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह ठाऊकही नव्हते. एचडी ८०६०६ हा तारा याचे ठळक उदाहरण मानला जातो. त्याचा ग्रह १११ दिवसांच्या अतिशय लांबुळक्या कक्षेत फिरतो, ती कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी सुमारे ४० अंशांनी तिरकी आहे आणि दूरवर जोडीदार ताराही आहे.

जोडीदार नसला, तरी दोन महाकाय ग्रह एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांच्या ओढाताणीत एखादा मालेबाहेर फेकला जातो आणि उरलेले तिरके होतात. अप्सिलॉन देवयानीच्या बाबतीत हेच घडले असावे, असे अनेकांचे मत आहे. तिसरी शक्यता अशी, की तबकडीच मुळात तिरकी झाली. के२-२९० या मालेतील दोन्ही ग्रह एकाच पातळीत आहेत, पण तारा त्यांच्याशी १२४ अंशांचा कोन करून, म्हणजे उलटा फिरतो, असे २०२१ मध्ये आढळले. ग्रह धक्काबुक्कीने विस्कटले असते तर ते एकाच पातळीत राहिले नसते; म्हणून ग्रह जन्मण्यापूर्वीच जवळच्या ताऱ्याने तबकडी कलवली, हे स्पष्टीकरण मला येथे पटते. मृग तारकासमूहातील जीडब्ल्यू या तीन ताऱ्यांच्या मालेत तबकडी फाटून तिची कडी वेगवेगळ्या कोनांत फिरताना २०२० मध्ये प्रत्यक्ष दिसली आहेत, त्यामुळे ही केवळ कल्पना उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र अजून विचार करायला लावते. पृष्ठतापमान सुमारे ६२५० केल्विनहून अधिक असलेल्या ताऱ्यांभोवती तिरके तप्त ग्रह विपुल आहेत आणि त्याहून थंड ताऱ्यांभोवती ते कमी आहेत, हे २०१० मध्ये जोशुआ विन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. थंड ताऱ्यांचा बाहेरचा थर सतत घुसळत असल्याने ग्रहाच्या भरती-ओहोटीच्या ओढीला ते अधिक प्रतिसाद देतात आणि कालांतराने तारा व कक्षा पुन्हा जुळतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. सूर्याचे तापमान ५७७२ केल्विन, म्हणजे तो थंड गटातला. पण आपले ग्रह इतके दूर आहेत की त्यांच्या ओढीने सूर्याचा अक्ष सरळ होणे शक्य नाही. त्यामुळे सूर्याचा तो ६ अंशांचा कल सूर्यमालेच्या बालपणापासून तसाच टिकून राहिला असण्याची शक्यता आहे. त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजवर मिळालेले नाही. दूरवरच्या एका न सापडलेल्या नवव्या ग्रहाने तो निर्माण केला, असा तर्क २०१६ मध्ये मांडला गेला. तो ग्रह सापडेपर्यंत हा तर्कच राहील.

प्रश्न : गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ भरतो. गुरूची कक्षा अशीच ३० अंश तिरकी असती तर काय झाले असते? (वाचक, त्र्यंबकेश्वर)

फार सुंदर प्रश्न आहे. गुरूची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची असल्यामुळे तो सुमारे बारा वर्षांनी त्याच राशीत परत येतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ म्हणूनच २०२६-२७ मध्ये येत आहे. पण त्याला ‘राशीत’ आलेला आपण पाहू शकतो, यामागे आणखी एक कारण आहे : त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी केवळ १.३ अंशांनी कललेली आहे. राशिचक्र हा सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे सर्व ग्रह त्याच पट्ट्यात फिरतात ते कक्षा सपाट असल्यामुळेच.

कल ३० अंशांचा असता, तर सिंह रास गुरूच्या कक्षेच्या कोणत्या भागासमोर येते यावर सर्व अवलंबून राहिले असते. जेथे दोन कक्षांच्या पातळ्या छेदतात तो पातबिंदू सिंहेत असता, तर गुरू तेव्हाही मघा नक्षत्राजवळ दिसला असता. पण कक्षेचा उत्तरेकडील सर्वोच्च भाग तेथे आला असता, तर पंचांगातल्या रेखांशाने गुरू सिंहेत असतानाही आकाशात तो ढोबळमानाने ३० अंश उत्तरेला, सप्तर्षींच्या दक्षिणेकडील ताऱ्यांपाशी दिसला असता. आणखी एक बाब अशी, की सूर्यमालेतील ग्रहांच्या एकूण कोनीय संवेगाचा (फिरण्याच्या गतीच्या साठ्याचा) निम्म्याहून अधिक वाटा एकट्या गुरूकडे आहे. तेव्हा गुरू तिरका असे म्हणण्याऐवजी गुरूची पातळी मुख्य आणि तिरकी पृथ्वीच, असे म्हणणे अधिक योग्य ठरले असते.

प्रश्न : नाशिकच्या हौशी निरीक्षकांना या कामात काही करता येईल का? (वाचक, गंगापूर रोड)

कक्षेचा तिरकेपणा मोजणे हौशी साधनांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी मोठी दुर्बीण आणि अतिशय स्थिर वर्णपटमापक लागतो. भारतात अबूच्या पहाडावर भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे ‘पारस’ हे उपकरण ताऱ्यांचे वेग मोजून ग्रह शोधण्याचे काम करते. मात्र अधिक्रमणाची वेळ नोंदवणे ८ इंची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा असलेल्या कोणालाही जमते. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरिएल या नियोजित मोहिमेच्या पूर्वतयारीसाठी चालणाऱ्या एक्झोक्लॉक प्रकल्पात हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी स्वीकारल्या जातात.

सुरुवात वर उल्लेखलेल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यापासून करावी. त्याची प्रत ७.६५ असून ग्रहामुळे त्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो. नाशिकचा अक्षांश २० अंश आणि या ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडील अंतर) १८.९ अंश असल्याने तो येथे जवळजवळ डोक्यावरून जातो, आणि वातावरणाचा कमीत कमी थर मध्ये येतो. ऑक्टोबरच्या मध्यास, पाऊस ओसरल्यावर, रात्री नवाच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. अधिक्रमणाच्या एक तास आधीपासून ते संपल्यानंतर एक तासापर्यंत सलग छायाचित्रे घ्यावीत, तारा थोडा धूसर ठेवावा म्हणजे कॅमेऱ्याचे बिंदू प्रकाशाने भरून जाणार नाहीत, आणि त्याच चौकटीतील दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी त्याच्या तेजाची तुलना करावी.